ठिणगीचा टप्पा

वाई सोडून पसरणी गाव मागे पडले, की मोटारीच्या आवाजात फरक पडतो, आणि ज्याने जुनी मोटार पुष्कळ वर्षे हाकली आहे त्याचा कान, शेजारी बसलेल्या मंडळींच्या गप्पा कितीही रंगलेल्या असोत, त्या फरकाकडे आपोआप लागतो. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या किंचित वर असलेली वाई आणि तेराशे मीटरांना टेकलेली पाचगणी यांच्यामधील अंतर अवघे बारा-तेरा किलोमीटरांचे. परंतु त्या अंतरात इंजिनाला जी चढण चढावी लागते, जी वळणे दुसऱ्या गियरात घ्यावी लागतात आणि उन्हाळ्याच्या हंगामात पुढच्या मालमोटारीच्या मागे रेंगाळत जो ताप सोसावा लागतो, त्याने मोटारीच्या अंगचे झाकलेले दोष, पाहुण्यांसमोर घरातले भांडण उघडे पडावे तसे, एकाएकी उघडे पडतात. घाट म्हणजे मोटारीची परीक्षा, असे जुने ड्रायव्हर म्हणत. शाहीर साबळ्यांच्या जन्माने नावारूपाला आलेल्या पसरणीच्या वरची ही वळणे माझ्या फियाटला तीन वेळा नापास करून चुकली, आणि तिन्ही वेळा त्याचे खापर इग्निशन कॉइल नावाच्या एका फुलपात्राएवढ्या डब्यावर फुटले. त्या डब्याची कैफियत सांगायची, तर या डोंगरावर चढणाऱ्या वाहनांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहणे भाग आहे.

महाबळेश्वरचे क्षेत्र पुरातन. कृष्णेचा उगम मानणारा यात्रेकरू तेथे पायीच चढे, आणि त्याच्या चढण्याला घाई नव्हती. पार गावाकडे उतरणाऱ्या ज्या वाटेने १६५९ साली अफझलखान वाईहून आपला सरंजाम घेऊन जावळीच्या खोऱ्यात गेला, तिला रडतोंडीचा घाट म्हणत. नाव ठेवणाऱ्याने वाटसरूंचे तोंड पाहूनच ते ठेवले असावे. पुढे १८२४ साली जनरल लॉडविक डोंगरमाथ्यावर पोचला, साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या सूचनेवरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून रस्ता करविला, आणि १८२९ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाराजांशी करारनामा करून, वाई प्रांतातील खंडाळा गाव मोबदल्यात देऊन, हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात घेतला. माल्कमपेठ वसली, गव्हर्नराचे दप्तर उन्हाळ्यात वर जाऊ लागले, आणि जेथे सरकार जाते तेथे कारकून, बुटलेर, घोडे, सामानसुमान आणि अर्जदार हे सर्व मागोमाग जातातच. कोकणच्या बाजूने फिट्झजेराल्ड गव्हर्नराच्या नावाचा आंबेनळीचा घाट झाला, साताऱ्याच्या बाजूने मेढ्यावरून केळघर, आणि पुण्या-वाईच्या बाजूने पसरणी. या तिन्ही वाटांत पसरणीचीच वर्दळ सर्वांत मोठी राहिली, आणि ती आजही आहे.

आगगाडी या डोंगराच्या पायथ्याशी कधी आली नाही. ती वाठारला थांबे. आणि वाठार ते महाबळेश्वर हा सुमारे चाळीस मैलांचा प्रवास टांग्याने करावा लागे. ही टांग्याची व्यवस्था आज विस्मृतीत गेली असली तरी तिच्यातील एक गोष्ट माझ्या विषयाला अत्यंत महत्त्वाची आहे, ती म्हणजे टप्पा. एकच जोडी चाळीस मैल पळू शकत नाही, आणि घाटात तर दोन-अडीच तासांतच तिचा फेस निघतो, हे ओळखून ठराविक अंतरावर ताज्या घोड्यांच्या जोड्या बांधून ठेवलेल्या असत. टांगा थांबे, सुटलेल्या घोड्यांना पाणी दाखवीत, फिरवीत, अंग पुसून काढीत, आणि नवी जोडी जुंपून टांगा पुढे जाई. दमलेल्या जनावराला विसावा द्यावा म्हणजे ते पुन्हा उभे राहते, हा त्या व्यवसायाचा पाया होता. आणि विसाव्यावरची ही श्रद्धा पुढे घोड्याबरोबर संपावयास हवी होती ती संपली नाही. ती मोटारीच्या जमान्यात, हँडल आणि गियर यांच्या संगतीने, जशीच्या तशी उतरली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत टांग्याची जागा मोटारीने घेतली. मोटार दमत नाही, तिला वैरण लागत नाही, टप्प्यावर जोडी बदलावी लागत नाही, असे तिचे गुणगान होते. परंतु घाटाने लवकरच दाखवून दिले, की मोटारीलाही एक नाजूक जीव आहे आणि तो तिच्या ठिणगीत आहे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबून त्यात नेमक्या क्षणी ठिणगी टाकली तर इंजिन चालते. ती क्षणभर उशिरा पडली, फिकी पडली किंवा मुळीच पडली नाही, तर वीस मण लोखंडाची ती गाडी रस्त्यावरच्या शिळेइतकीच निरुपयोगी. सहा किंवा बारा व्होल्टच्या बॅटरीतून, प्लगच्या दोन टोकांमधील पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेरची फट ओलांडून जाणारी ठिणगी काढावयाची तर पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उत्पन्न करावा लागतो. आणि हे काम कॉइलकडे असते.

ही विद्या मोटारीहून जुनी. १८३१ साली फॅरडेने विद्युत् प्रवर्तनाचा सिद्धान्त उघड केला. १८३६ साली आयर्लंडमधील मेनूथच्या पाठशाळेत शिकविणाऱ्या निकोलस कॅलन या पाद्रीबोवांनी मोठी प्रवर्तन कॉइल बांधली. आणि १८५१ च्या सुमारास पॅरिसमध्ये हाइनरिख रूमकॉर्फ या कारागिराने तिला असे सुबक, खात्रीचे रूप दिले, की १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनने त्याला पन्नास हजार फ्रँकांचे पारितोषिक दिले. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे दोन-तीनशे फेरे, आणि केसासारख्या बारीक तारेचे वीसेक हजार फेरे. जाड तारेतील प्रवाह एकदम तोडला, की बारीक तारेत प्रचंड दाब उसळतो. एवढेच काय ते तत्त्व. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या टी-मॉडेलमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक, अशा चार कॉइली लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसविलेल्या असत, आणि गाडी चालू करताना त्या भुंग्यांसारख्या गुणगुणत. एखादी बिघडली तर आवाजावरूनच कळे, आणि ती उपसून दुसरी खोचता येई. आजच्या मोटारींत पुन्हा एका प्लगला एक कॉइल आली आहे, याचे शंभर वर्षे जगलेल्या एखाद्या मिस्त्रीला मुळीच आश्चर्य वाटले नसते.

मधल्या काळात मात्र एकच कॉइल आणि एकच वाटणी-यंत्र, ही पद्धत रूढ झाली. तिचा जनक चार्ल्स केटरिंग. त्याने डेटन येथे काढलेल्या कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'डेल्को' हा शब्द झाला. कॅडिलॅक मोटारींत १९१० च्या सुमारास ही बॅटरीवरची पद्धत आली, आणि कालांतराने सर्वत्र पसरली. गंमत अशी, की आपल्याकडच्या गॅरेजांत या वाटणी-यंत्राला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला, अजूनही डेल्को म्हणतात, मग तो मद्रासचा असो, इटलीचा असो की इंग्लंडचा. कोणा परक्या कारखान्याचे नाव आपल्या मिस्त्रींनी असे मराठी करून टाकावे आणि ज्या वाईत विश्वकोशाचे विद्वान प्रत्येक परकीय संज्ञेला शुद्ध संस्कृत पर्याय शोधीत बसत त्याच वाईत, हाकेच्या अंतरावर, 'डेल्कोचं टोपण काढ' हा हुकूम दिवसातून दहा वेळा सुटावा, यात भाषेचा जो स्वभाव दिसतो तो दोघांचाही मान राखून पाहण्यासारखा आहे.

महाबळेश्वरच्या हवेने या डेल्कोला आणि कॉइलला जेवढे छळले तेवढे देशावरच्या कोणत्याही गावाने छळले नसेल. या माथ्यावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुन्या काळी पावसाळ्यापूर्वी बंगल्यांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकून टाकीत. पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, हे येथल्या माणसाला ठाऊक. मोटारीला ताट्या कोण बांधणार? धुके बॉनेटच्या फटींतून आत शिरे, कॉइलच्या काळ्या तोंडावर आणि डेल्कोच्या टोपणावर दवाचा पातळ थर बसे, आणि करंटला प्लगची दूरची वाट सोडून त्या ओल्या थरावरून शेजारच्या लोखंडाकडे जाण्याची सोपी वाट मिळे. अंधारात बॉनेट उघडून पाहिले तर निळ्या मुंग्यांची रांग चालल्यासारख्या ठिणग्या टोपणावरून पळताना दिसत. एकदा ती वाट पडली, की बेकलाइटवर केसासारखी काळी रेघ जळून राही, आणि मग कोरड्या दिवशीही करंट तीच वाट धरी. यावर इलाज म्हणजे टोपण रॉकेलने पुसणे, सुती फडक्याने कोरडे करणे, आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा चढविणे. घरांच्या ताट्या आणि ही ट्यूबची टोपी या दोन्हींची कल्पना एकाच पावसाने शिकविलेली.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. त्यानंतर अमेरिकन मोटारी आणि त्यांच्या सांगाड्यांवर बांधलेल्या बसगाड्या इलाख्यात विपुल झाल्या. त्या बहुधा सहा व्होल्टच्या. मग दुसरे महायुद्ध आले, पेट्रोल मोजून मिळू लागले, आणि गाड्यांच्या पाठीशी कोळशाच्या गॅसची भट्टी आली. क्लीनरने पहाटे उठून भट्टी पेटवावी, पंख्याने वारा घालावा, काळेठिक्कर तोंड घेऊन गाडीवर चढावे, आणि घाटात उतारूंनी उतरून गाडीला हात लावावा, असा तो काळ. कोळशाचा गॅस पेट्रोलापेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी आगाऊ द्यावी लागते. 'टायमिंग पुढे घेणे' ही कला आपल्या फिटर मंडळींच्या हातात पक्की बसली ती बरीचशी या सक्तीमुळे.

युद्ध संपले आणि डिस्पोजलचा माल बाजारात आला. लष्करी जीपगाड्या लिलावात निघाल्या, आणि डोंगरी मुलखात त्यांच्यासारखे वाहन नव्हते. त्यांचीही विद्युत्-योजना सहा व्होल्टची. पुढे बारा व्होल्टच्या गाड्या येऊ लागल्या, आणि १९५३ नंतर सरकारने केवळ सुटे भाग जोडून मोटारी विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतून आपला गाशा गुंडाळला. आयात बंद, जुन्या गाड्या तर रस्त्यावर. अशा वेळी ज्याला जे मिळेल ते त्याने बसविले. सहा व्होल्टची कॉइल बारा व्होल्टच्या गाडीला लागली, विलायती कंडेन्सरच्या जागी कोठला तरी कंडेन्सर लागला, आणि 'कॉइल उडाली' हे वाक्य गॅरेजांतून इतके ऐकू येऊ लागले, की कॉइल ही मुळातच उडणारी वस्तू आहे असा लोकांचा समज झाला. बंगलोरला १९५१ पासून मायको आणि मद्रासजवळ पाडीला १९६१ पासून लुकास-टीव्हीएस यांनी कामास आरंभ केल्यावर प्लग, डायनामो, कॉइल हा माल देशात होऊ लागला खरा. पण तो समज काही गेला नाही.

एक गोष्ट मात्र या काळात घडली, जिने या व्यवसायाची दिशा पालटली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि बघता बघता खाजगी सर्व्हिस मोटारींचे परवाने, त्यांची आपापसांतील ओढाओढ आणि उतारूंची पळवापळवी हे सारे इतिहासजमा झाले. एस. टी. डिझेलवर गेली. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापवावी आणि तीत तेल फवारावे, की ते आपले आप पेटते. म्हणजे घाटातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला कॉइलची गरजच उरली नाही. कॉइल जाणणारा मिस्त्री राहिला तो टॅक्सीवाल्यांसाठी आणि आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर, या दोन गाड्यांनी पुढची तीस-पस्तीस वर्षे महाबळेश्वरची हवा खाणाऱ्या मंडळींना वर नेले, पॉइंट दाखविले आणि खाली आणले. माथेरानने मोटारीला गावात पाऊल टाकू दिले नाही, तेथे घोडा आजही राज्य करतो. महाबळेश्वरने मोटार आत घेतली आणि घोडा वेण्णा तलावाच्या काठापुरता ठेवला. कोणाचे बरोबर, हे ज्याच्या त्याच्या गुडघ्यांनी ठरवावे.

माझी फियाट 'डिलाइट' जातीची, वडिलांच्या वेळची. चार सिलिंडर, डायनामो, बारा व्होल्ट, आणि दारे अजून खणखणीत लागणारी. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पसरणीच्या घाटात, माथा दीड-दोन किलोमीटरांवर असताना, तिने दोन आचके दिले आणि ती थांबली. मागून आलेल्या एका जीपवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून, कॉइलला हात लावून, क्षणाचाही विलंब न लावता निदान केले: "कॉइल गेली, साहेब. गरम बघा किती!" तो मोठा भला माणूस, माझ्या एका नातेवाइकाला त्याने आपल्या जीपमधून वाईला नेले, तासाभराने नवी कॉइल आली, तिन्ही तारा जोडल्या, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. याहून मोठा पुरावा कोणाला हवा असतो? जुनी कॉइल मी डिकीत टाकली आणि भल्या माणसांच्या जगात आपण राहतो असे समाधान मानून वर गेलो. पुढच्या खेपेस त्याच वळणावर गाडी पुन्हा थांबली. या वेळी नव्या कॉइलच्या बुडातून तेल ठिबकले होते आणि करपलेल्या एनॅमलचा वास येत होता. तिसरी कॉइल पुण्याच्या एका पेठेतून, दुकानदाराने 'एकदम पॉवरफुल' म्हणून दिलेली, आणली. ती एकच उन्हाळा टिकली.

तेव्हा कोणी तरी वाईतील एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सांगितले. सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, आत तेलाने काळी झालेली माती, भिंतीवर फॅन बेल्टांच्या माळा आणि फळीवर गेल्या पन्नास वर्षांतील मेलेल्या डायनामोंचे संग्रहालय. अण्णांनी माझी कहाणी पुरी ऐकून घेतली. मला वाटले होते, ते प्रथम बॉनेट उघडतील. त्यांनी प्रश्न विचारला.

"बंद पडल्यावर किल्ली कुठं हुती?"

"किल्ली? गाडीलाच. लावलेली."

"चालू का बंद?"

मला आठवेना. बहुधा चालूच असावी, असे मी म्हणालो. गाडी बंद पडली, आम्ही उतरलो, मागे दगड लावला, झाडाखाली बसलो.

"किती येळ?"

"तास, पाऊण तास."

"मंग कॉइल मेली न्हाई, मालक," अण्णा म्हणाले, "तुमी मारली."

त्यांनी नातवाला हाक मारली, मीटर मागविला, आणि मग जे दाखविले ते मी जसेच्या तसे सांगतो. डेल्कोचे टोपण काढून त्यांनी इंजिन हाताने थोडे फिरविले आणि कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट मिटलेले आहेत असे मला दाखविले. अशा चार सिलिंडरांच्या गाडीत तीनांतून दोन वेळा तरी इंजिन थांबते ते पॉइंट मिटलेल्या स्थितीतच. मग किल्ली चालू केली, इंजिन मात्र बंद ठेवले, आणि माझा हात धरून तळवा कॉइलवर टेकविला. कॉइल थंड होती. आम्ही चहा मागविला. चहा येऊन संपेपर्यंत ती कोमट झाली, मग ऊन, आणि थोड्याच वेळात तळवा ठेववेना. इंजिन चालू असते तेव्हा पॉइंट सारखे उघडझाप करीत असतात, प्रवाह वाढू लागतो न लागतो तोच तुटतो. पण इंजिन थांबलेले आणि किल्ली चालू, म्हणजे प्रवाह अखंड. तीन ओहमच्या बरोबर कॉइलमधून चार अँपिअर वाहतात, पन्नास वॉटच्या आसपास उष्णता. आणि ज्या कॉइलला बाहेरून एक रेझिस्टन्स जोडणे आवश्यक असते, तिची आतली तार दीडच ओहमची, ती रेझिस्टन्सशिवाय सरळ जोडली तर आठ अँपिअर आणि शंभर वॉटच्या घरात. शंभराचा दिवा डब्यात कोंडून झाकण लावावे तसे. नातवाने मीटर लावला. दुसरी आणि तिसरी, दोन्ही कॉइली दीड ओहमच्या निघाल्या. 'पॉवरफुल' या शब्दाचा अर्थ तेव्हा मला उमगला. कॉइलच्या बुडाशी बारीक अक्षरांत रेझिस्टन्सबद्दलची सूचना कोरलेली होती. ती वाचण्याचे कष्ट विकणाऱ्याने घेतले नव्हते आणि मीही घेतले नव्हते.

"पर पैली तर आमच्या गाडीचीच हुती," मी त्यांच्याच बोलीत शिरून म्हणालो, "ती का गेली?"

अण्णांनी डिकीतून ती काढायला लावली, गाडीला जोडली, टोपणाच्या मधोमध येणारी जाड वायर उपसून तिचे टोक इंजिनापासून बोटाच्या पेऱ्याच्या निम्म्याइतके दूर धरले आणि नातवाला सेल्फ मारायला सांगितले. चट् चट् असा कोरडा आवाज करीत निळी, जाड ठिणगी लोखंडावर उडाली. मरू घातलेल्या कॉइलची ठिणगी पिवळट, सुतासारखी आणि चुकार असते. ही तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची कॉइल तरण्या पोरासारखी बोलत होती. ती कधी गेलीच नव्हती. त्या दिवशी घाटात गेले होते ते पेट्रोल. दुपारचे ऊन, पहिल्या-दुसऱ्या गियरातली संथ चढण, एक्झॉस्टच्या बाजूला बसलेला पंप, वर चढावे तसतशी विरळ होणारी हवा. महाबळेश्वरच्या माथ्यावर पाणीसुद्धा पंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, मग पेट्रोलाची काय कथा! त्याची वाफ झाली, पंपात हवा खेळू लागली, कार्बोरेटर कोरडा पडला. तासाभराच्या विसाव्यात पंप निवाला आणि पेट्रोल पुन्हा पेट्रोल झाले, त्याच तासाभरात नवी कॉइल आली, आणि श्रेय तिला मिळाले. पुढच्या दोन्ही खेपांस मूळ दुखणे तेच. फरक इतकाच, की मी झाडाखाली बसलेला असताना चालू राहिलेल्या किल्लीने त्या चुकीच्या कॉइलींना तेवढ्या वेळात भाजून काढले.

टांग्याच्या घोड्याला जो विसावा संजीवनी होता, तोच कॉइलला विष झाला. चढताना ती जेवढी तापत नाही तेवढी उभी राहून तापते. जुन्या ड्रायव्हरांना हे ठाऊक असावे. गाडी थांबताच किल्ली काढून ती करगोट्याला किंवा सदऱ्याच्या खिशात अडकविण्याची जी सवय मी लहानपणी टॅक्सीवाल्यांत पाहिली, ती चोरांच्या भीतीने आहे असे मी समजत आलो होतो. पंपावर ओले फडके टाकण्याची त्यांची रीतही मी अडाणीपणाची समजत असे. पुष्कळ मंडळी तेच फडके कॉइलवर टाकतात आणि गाडी सुरू झाली की कॉइल निवाली म्हणून खूष होतात. पंपही तेवढ्यात निवालेला असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अण्णा म्हणाले, फडके एकाच ठिकाणी टाकावे. पंपावर टाकून गाडी सुरू झाली तर दोष तेलाचा, कॉइलवर टाकून झाली तर दोष करंटचा, आणि दोन्हीकडे टाकले तर दोष कोणाचा ते देव जाणे. तर्कशास्त्राच्या पोथ्या ज्या गावात पिढ्यान्पिढ्या वाचल्या गेल्या त्या गावच्या शेडमध्ये हे ऐकताना मला विशेष मौज वाटली.

त्यांनी प्लगची फट ठीक केली, तिसऱ्या प्लगची कडक झालेली वायर बदलली, कारण करंटला प्लगकडची वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या पोटातच वाट फोडतो, आणि डायनामोच्या कटआउटवर मीटर लावून दाब फाजील चढत नाही ना ते पाहिले. पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून आडवा बसविला. कॉइल जुनीच ठेवली. हिशेब झाला तो एका वायरचा, पत्र्याचा आणि मजुरीचा; त्या दोन जळक्या कॉइली मी परत मागितल्या तेव्हा अण्णांनी त्या सोडल्या नाहीत.

"ऱ्हाऊ द्या हितं. पोरांना दावाय लागत्यात."

त्यांची पोरे म्हणजे दोन शिकाऊ उमेदवार, ज्यांच्या हाताखालून आता बहुधा स्कॅनर लावून दोष वाचायच्या गाड्याच जातात. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा शेवट २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. पॉइंट घासणे, कंडेन्सर बदलणे ही कामे आता वर्षातून चार-दोन वेळा, माझ्यासारखा एखादा जुन्या गाडीचा मालक आला तर होतात. तरी त्या फळीवर, मेलेल्या डायनामोंच्या रांगेत, माझ्या दोन कॉइली अण्णांनी मांडल्या आणि खडूने प्रत्येकीखाली एकच शब्द लिहिला: 'किल्ली'.

त्या दिवशी संध्याकाळी मी वर निघालो. माथ्याजवळच्या त्याच वळणावर गाडी थांबली नव्हती, मीच थांबविली. खाली धोम धरणाच्या पाण्यावर उन्हाचा शेवटचा पट्टा होता, मागून येणारी एस. टी. डिझेलचा धूर सोडीत निघून गेली, आणि मी कठड्यापाशी उभा राहिलो तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती; ती तेथे आहे ना, हे मी दोनदा चाचपून पाहिले.